४८ मुलं, ४ डबे, ३५ मिनिटं: वर्गातलं व्हीआर आणि संगणकीय विचार

मास्तर_तालुक्याचे | शुक्रवार, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदाच धागा काढतोय. लांबण लागली तर सांभाळून घ्या.

मी बुलढाणा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, अनुदानित शाळेत गणित-विज्ञान शिकवतो. सातवीचा पट ४८. २०१९ साली एका प्रशिक्षणातून येताना मी पुठ्ठ्याचे दहा व्हीआर (म्हणजे आभासी वास्तवाचे) डबे घेऊन आलो होतो. गुगलने २०१४ मध्ये आणलेले तेच ते कार्डबोर्ड. पुठ्ठा, दोन भिंगं, आत मोबाइल सरकवायचा. स्क्रीनवर एकाच दृश्याची किंचित वेगळ्या कोनातून घेतलेली दोन चित्रं असतात, प्रत्येक डोळ्याला त्याचं त्याचं चित्र दिसतं आणि खोलीचा भास डोक्यात तयार होतो. तेव्हा एक्स्पिडिशन्स नावाचं ॲप होतं. शिक्षकाच्या हातात टॅब, आणि अख्खा वर्ग एकदम प्रवाळ बेटावर. मी भारावून आलो होतो.

डबे कपाटात गेले. मग कोरोना आला. २०२१ च्या मार्चमध्ये गुगलने डबे विकणं थांबवलं आणि जूनअखेर ते ॲपही बंद केलं. गेल्या दिवाळीनंतर कपाट उघडलं तर चार डबे उंदरांनी खाल्लेले. सहा धड, त्यातल्या एकाचा बाजूचा लोहचुंबक गायब. तो कुठल्या वर्गाच्या विज्ञान प्रदर्शनात गेला ते मला माहीत आहे, पण असो.

पहिला धडा मोबाइलनेच शिकवला. स्टाफरूममधले अकरा फोन गोळा केले, त्यातले फक्त चार चालले. बाकीच्यांत जायरोस्कोप, म्हणजे फोन किती वळला ते ओळखणारा सेन्सर, नाही. स्वस्त फोनमध्ये तो बऱ्याचदा गाळलेला असतो, त्यामुळे मान वळवली तरी चित्र ढिम्म हलत नाही, नाहीतर नुसतं थरथरतं. मुख्याध्यापकांचा फोन सगळ्यात महाग, पण ते देईनात. तर हिशेब असा: डबे सहा, फोन चार, म्हणजे चालू डबे चारच.

तास ३५ मिनिटांचा. सुरुवातीची मांडामांड पाच मिनिटं. प्रत्येकाला तीन मिनिटं बघायला दिली. डबा काढा, भिंगं पुसा, व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून लावा, पुढच्याच्या डोक्याला पट्टा बांधा, यात दर वेळी मिनिटभर जायचं. घंटा झाली तेव्हा २८ जणांचं बघून झालं होतं आणि २० जण रुसून बसले होते. एक मुलगी तर रडली. शिकवणं राहिलं बाजूला, मी त्या दिवशी बायोस्कोपवाला झालो होतो.

दुसऱ्या दिवशी डबे आणलेच नाहीत. फळ्यावर लिहिलं: मुलं ४८, डबे ४, तास ३५ मिनिटं. सगळ्यांना बघायला मिळालं पाहिजे. कसं?

आधी नेहमीचा गोंधळ. "सर, फास्ट करू." "सर, मुलींचं उद्या." मग मागच्या बाकावरचा एक पोरगा, जो एरवी गुणाकाराला बोटं मोजतो, उभा राहून म्हणाला, "सर, पुसाले झिरो मिनिट लागले तरी नाई होत." मी म्हटलं, कसं काय? तो फळ्यापाशी आला. ४८ गुणिले ३, झाले १४४. भागिले ४, झाले ३६. "आन् तास पस्तीसचा."

मी खडू हातात धरून उभाच राहिलो. मी स्वतः हा हिशेब केला नव्हता. मी पुसण्याचा वेळ कमी करायच्या मागे होतो आणि पोरगं सांगत होतं की त्या वाटेने कितीही पळा, उत्तर नाहीच. आधी बघण्याची तीन मिनिटंच कापायला हवीत.

मग वर्ग सुटलाच. दोन मिनिटं ठेवली तर १२ फेऱ्यांची २४ मिनिटं. पस्तीसातून मांडामांडीची पाच आणि ही चोवीस गेली, उरली सहा. सहा मिनिटांत १२ अदलाबदली, म्हणजे एकीला ३० सेकंद. यावर दुसरी मुलगी: "सर, अदलाबदली अकराच होतात. शेवटच्यानंतर कोन येते?" बरोबर. ३६० भागिले ११, जवळपास ३३ सेकंद.

आता एक मिनिटाचं ३३ सेकंदांवर आणायचं. एकाने घड्याळ लावून प्रत्येक पायरी मोजली. सगळ्यात जास्त वेळ पट्टा खात होता. पट्टे कापून टाकले, डबा हातानेच डोळ्यांना धरायचा. त्याच्या खालोखाल व्हिडिओ पुन्हा लावणं. मग व्हिडिओच नको, चहूबाजूंनी दिसणारा स्थिर फोटो ठेवू, त्याला सुरुवातही नाही आणि शेवटही नाही. स्पिरिटच्या बोळ्याने पुसायला दोन जणांची नेमणूक. पुढचा गडी आधीच खुर्चीमागे तयार. तिसऱ्या दिवशी तास संपायला दोन मिनिटं असताना ४८ वा मुलगा उठला. काय टाळ्या!

माझा प्रश्न असा आहे. डब्यात त्यांनी काय पाहिलं ते आठवड्याने विचारलं तर अर्ध्यांना धड सांगता येईना. पण रांगेचं गणित एकूण एक पोराला तोंडपाठ. मग व्हीआर वर्गात आणायचं ते नेमकं कशासाठी? आणि ही जी रांगेची गंमत झाली, तिला काही नाव, काही पद्धत आहे का? तुमच्यात कोणी शिक्षक असतील त्यांनी अनुभव लिहावेत.

---

खिडकीतली_मांजर | शुक्रवार, रात्री ९:३२

वाखुसा (वाचनखूण साठवली)! "पुसाले झिरो मिनिट" वाचून अंगावर काटा आला.

---

शेवंता_एडिसनकर | शुक्रवार, रात्री ९:५८

मास्तर, दंडवत घ्या. मी न्यू जर्सीत मिडल स्कूलला कॉम्प्युटर सायन्स शिकवते. इथे राज्याने संगणकशास्त्राची स्वतंत्र मानकं २०२० मध्ये ठरवली आणि २०२२ च्या शालेय वर्षापासून ती बालवर्गापासून लागू आहेत. त्यामुळे या विषयावर आमची वर्षातून चार तरी प्रशिक्षणं होतात. तुमच्या त्या पोराने जे केलं ते एकाही स्लाइडवर इतकं स्वच्छ पाहिलेलं नाही.

नाव आहे. संगणकीय विचार. हा शब्द गाजला तो २००६ मध्ये, जनेट विंग यांच्या एका छोट्या लेखामुळे. त्यांचं म्हणणं, हे कौशल्य प्रोग्रॅमरपुरतं नाही, वाचन-लेखन-गणितासारखं सगळ्यांनाच हवं. पण शब्द त्याहून जुना आहे. सीमोर पॅपर्ट यांच्या १९८० च्या पुस्तकात तो येऊन गेलाय. हेच पॅपर्ट, ज्यांनी सहकाऱ्यांबरोबर १९६७ मध्ये मुलांसाठी लोगो भाषा केली.

पाठ्यपुस्तकी चौकट चार गोष्टी सांगते: मोठं काम तोडून छोटं करणं, सारखेपणा ओळखणं, नको ते बाजूला सारणं, आणि कृतीच्या पायऱ्या लिहिणं. तुमच्या मुलांनी चारही केल्या, आणि वर एक पाचवीही. "हे होऊच शकत नाही" हे करून बघायच्या आधी सिद्ध केलं. आमच्याकडे त्याला खालची मर्यादा काढणं म्हणतात आणि ते कॉलेजात शिकवतात.

आणि ती अकरा अदलाबदलीवाली मुलगी! कुंपणाला बारा खांब असले तर मधले गाळे अकरा. भले भले प्रोग्रॅमर आयुष्यभर इथे चुकतात. मी कालच चुकले.

---

संशयपिशाच्च | शुक्रवार, रात्री ११:१४

वातावरण भारावलेलं आहे, त्यात मी मिठाचा खडा टाकतो. तेवढ्यासाठीच मी इथे असतो हे जुन्या लोकांना ठाऊक आहे.

मी शिक्षणशास्त्रात एम.एड. केलंय, पंधरा वर्षं शिकवलं, आता शिकवत नाही. मास्तरांचाच अनुभव घ्या: डब्यात पाहिलेलं आठवत नाही. त्यात नवल काही नाही. कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बरा विद्यापीठात पॅराँग आणि मायर यांनी २०१८ मध्ये हेच तपासलं. एका गटाला व्हीआरमधून शरीराच्या आत, रक्तप्रवाहातून फिरवलं. दुसऱ्या गटाला तोच मजकूर साध्या स्लाइड्सवर दाखवला. व्हीआरवाल्यांना मजा जास्त आली, चाचणीत स्लाइडवाले पुढे. पुढच्याच वर्षी कोपनहेगनच्या मक्रान्स्की आणि मंडळींचा प्रयोगशाळेच्या सिम्युलेशनवरचा अभ्यास आला. निष्कर्ष तोच: "आपण तिथेच आहोत" ही भावना वाढली, शिकणं कमी झालं. डोकं बघण्यातच इतकं गुंततं की समजून घ्यायला जागा उरत नाही.

दुसरं. माझ्या ओळखीतल्या एका शहरी शाळेने साडेतीन लाखांची "व्हीआर लॅब" घेतली. विक्रेत्याने उद्घाटनाला फीत, फुगे, आमदार, सगळं आणलं. दुसऱ्या वर्षी लायसन्सचं नूतनीकरण मागितलं, शाळेने दिलं नाही, हेडसेट सुरूच होईनात. आज त्या खोलीत निवडणुकीचं सामान ठेवतात. नावं लिहीत नाही, कारण हीच गोष्ट तुमच्या तालुक्यातही असेल.

आणि तिसरं. बुलढाण्याच्या मुलांना डब्यातून काय दाखवलंत? ताजमहाल? लोणार तुमच्या उशाशी आहे. एसटीत घाला आणि घेऊन जा की.

---

पेडण्याचो_माश्तर | शनिवार, सकाळी ७:०५

गोंयातून देव बरो दीस दिवं. माझं मराठी घरचं आहे, सांभाळून घ्या.

आमच्याकडे सरकारने २०२१ पासून केअर्स नावाची योजना आणली, शाळांतून कोडिंग आणि रोबोटिक्स. सहावी ते आठवी, भर स्क्रॅचवर, म्हणजे पडद्यावर ठोकळे जोडून मांजराचं चित्र हलवायची मुलांची प्रोग्रॅमिंग भाषा. चांगली गोष्ट झाली, लॅबमध्ये मशिनं आली. पण खरं सांगतो, पहिल्या वर्षी माझ्या वर्गात काय व्हायचं? मी मोठ्या पडद्यावर ठोकळे जोडून दाखवायचा, मुलं बघून तसेच जोडायची. मांजर चाललं की वर्ग खूश. मी एक दिवस मांजराच्या जागी होडी ठेवली आणि म्हटलं आता हिला फेरीबोटीसारखी या काठावरून त्या काठावर ने आणि परत आण. चौतीसपैकी तिघांना जमलं. बाकीचे मांजराची कविता पाठ करून बसलेले.

मग मी संगणक बंद ठेवून शिकवायला लागलो. न्यूझीलंडच्या कँटरबरी विद्यापीठात टिम बेल आणि त्यांच्या मित्रांनी नव्वदच्या दशकात हे सुरू केलं, संगणकाविना संगणकशास्त्र. त्यातला एक खेळ सांगतो. हॉलच्या फरशीवर खडूने रेषा आणि गोल आखायचे. सहा मुलं सहा आकडे घेऊन एका टोकाला उभी. रेषेवरून चालायचं, गोलात दोघं भेटली की आकडे बघायचे, लहान डावीकडे, मोठा उजवीकडे. पलीकडच्या टोकाला पोचेपर्यंत सगळे ओळीने लागलेले असतात. कोणीही कोणाला काही सांगत नाही. पहिल्यांदा झालं तेव्हा मुलांना वाटलं योगायोग. आठ वेळा केलं. नवव्या वेळी एकीने मुद्दाम चुकीच्या बाजूला वळून बघितलं, काय बिघडतं ते.

पावसात मैदान बंद असतं त्या दिवसांत याच्याइतकं चांगलं काही नाही. खर्च खडूचा.

---

शेवंता_एडिसनकर | शनिवार, सकाळी ७:४०

माश्तर, ती मुद्दाम चुकीच्या बाजूला वळणारी मुलगी मला द्या, मी इकडे ॲडमिशन करून घेते.

संशयपिशाच्च, तुम्ही सांगितलेला सांता बार्बराचा अभ्यास अर्धाच सांगितलात. त्यांनी दुसरा प्रयोगही केला होता. व्हीआरचे तुकडे पाडले आणि प्रत्येक तुकड्यानंतर, काय पाहिलं त्याचा सारांश लिहायला लावला. त्या गटाची चाचणी नुसतं बघणाऱ्यांपेक्षा चांगली झाली. म्हणजे डबा नव्हे, डबा काढल्यानंतरची दोन मिनिटं महत्त्वाची.

---

संशयपिशाच्च | शनिवार, सकाळी ८:०२

मान्य. पण मग सारांश लिहिण्यामुळे फरक पडला, डब्यामुळे नव्हे. तो सारांश मी फळ्यावरच्या चित्रावरही लिहून घेईन, साडेतीन लाख वाचवून.

---

डोळे_तपासणीस | शनिवार, दुपारी १:२०

ओपीडी संपवून लिहितोय. मी नेत्रतज्ज्ञ आहे, शिकवण्यातलं मला कळत नाही, पण डोळ्यांबद्दल थोडं.

डब्यात चक्कर येते याचं कारण डोळे सांगतात "आपण हललो" आणि कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग सांगतो "नाही, बसलोय". मेंदूला दोघांचं जुळवता येत नाही. म्हणून धावत्या झोपाळ्याचे, विमानाचे व्हिडिओ वर्गात नकोत. मास्तरांच्या मुलांनी स्थिर फोटो निवडला तो वेळ वाचवायला, पण चक्करही त्यानेच वाचली. बसूनच बघायचं, उभ्याने नाही. मोठ्या कंपन्यांचे हेडसेट लहान मुलांसाठी बनवलेलेच नसतात. मेटाने वयाची अट १३ होती ती २०२३ मध्ये १० वर आणली, तीही पालकांच्या देखरेखीखालच्या खात्याने. लहान मुलांच्या दोन बुबुळांमधलं अंतर मोठ्यांपेक्षा कमी असतं, भिंगं त्या मापाला बसतीलच असं नाही. दोन मिनिटांनी काही बिघडत नाही, तासभर देऊ नका.

आणि मुख्य गोष्ट. मास्तर, तुमच्या ४८ जणांत "मला काही खोल-बिल दिसत नाही" असं कोणी म्हणालं का? म्हणालं असेल तर त्याला खोटारडा समजू नका.

---

मास्तर_तालुक्याचे | शनिवार, रात्री ८:४५

डॉक्टर, तुमचा शेवटचा प्रश्न वाचून ताटावरून उठलो.

होय, एक जण म्हणाला होता. "सर, मले तं सपाटच दिसून राह्यलं." मी म्हटलं डबा नीट धर. त्याने धरला. "सपाटच हाय." बाकीची पोरं हसली, मीही विषय सोडून दिला. काय करायला हवं आता?

---

डोळे_तपासणीस | शनिवार, रात्री ९:१५

दोन्ही डोळे मिळून काम करत नसतील तर खोली दिसत नाही. एका डोळ्याचा नंबर खूप जास्त असला, किंवा लहानपणी तिरळेपणा होऊन गेला असला, की मेंदू त्या डोळ्याकडे दुर्लक्ष करायला शिकतो. त्याला आम्ही आळशी डोळा म्हणतो. मुलाला स्वतःला पत्ता नसतो, कारण दुसऱ्या डोळ्याने सगळं व्यवस्थित चाललेलं असतं. एक साधी तपासणी करा: एक डोळा तळहाताने झाकून फळ्यावरचं वाचायला सांगा, मग दुसरा. निकाल काहीही आला तरी त्याला डॉक्टरला दाखवाच. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येतं, त्यांच्याकडून ग्रामीण रुग्णालयात पाठवून घ्या. जितकं लवकर तितकं बरं, सात-आठ वर्षांच्या आत उपचार सगळ्यात चांगले लागू पडतात. सातवीतल्या मुलाला उशीर झालाय, पण म्हणून सोडून द्यायचं नाही.

---

बीएड_पास_नोकरी_नापास | रविवार, सकाळी १०:३०

माझा बाळबोध प्रश्न. हे सगळं मराठीत मुलांना द्यायचं तर साहित्य कुठे मिळतं? आमच्या आश्रमशाळेत संगणक आहेत तीन, त्यातला एक कार्यालयाचा.

---

पेडण्याचो_माश्तर | रविवार, सकाळी ११:१०

सीएसपाठशाला बघा. एसीएम इंडिया या संगणकतज्ज्ञांच्या संघटनेचा २०१६ पासूनचा उपक्रम. पाठांच्या स्लाइड्स फुकट आहेत, मराठीतही आहेत, आणि बहुतेक पाठांना संगणक लागतच नाही. पहिलीच्या पोरांना वस्तूंचं वर्गीकरण, मोठ्यांना वाटा मोजणं, सूचना लिहिणं असं चढत जातं. दरवर्षी बेब्रस नावाची स्पर्धा असते, तीही तेच चालवतात. मूळची लिथुआनियाची, २००४ मध्ये सुरू झालेली. बेब्रस म्हणजे त्यांच्या भाषेत बीव्हर, धरण बांधणारा प्राणी. प्रश्न कोड्यांसारखे असतात, पाठांतर कामाला येत नाही. माझ्या वर्गातली पहिल्या बाकावरची मुलं त्यात आपटली आणि रोज उशिरा येणारा एक जण पुढे गेला. त्याच्या आईला शाळेत बोलावून सांगितलं. तिला वाटलं तक्रारीसाठीच बोलावलंय.

---

मास्तर_तालुक्याचे | रविवार, रात्री ८:२०

संशयपिशाच्च, लोणारबद्दलचं तुमचं बोलणं झोंबलं, कारण खरं होतं. मी खरंच ताजमहाल दाखवला होता. (फुकट मिळाला म्हणून.)

पण पुढची गोष्ट सांगितलीच नाही, कारण ती अजून अर्धवट आहे. जानेवारीत आम्ही लोणारला गेलो. एसटीने, दीड तास. बसाल्टच्या खडकात उल्केच्या आघाताने पडलेलं विवर, कडेपासून कडेपर्यंत सुमारे १.८ किलोमीटर, २०२० पासून पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत, हे सगळं पुस्तकात वाचलेलं. वर काठावर उभं राहिल्यावर पोरं गप्प झाली. तिथे डबा नको होता, तुमचं बरोबर.

तालुक्यातल्या एका लग्नाच्या फोटोग्राफरकडून चहूबाजूंचा फोटो घेणारा कॅमेरा एक दिवस उसना आणला होता. आधी हे काम फोनवरच्या स्ट्रीट व्ह्यू ॲपने होत असे, तेही २०२३ च्या मार्चमध्ये बंद झालं. मुलांनी पाच ठिकाणी तिपाई लावली: काठावरची पाहायची जागा, उतरणीची पायवाट, पाण्याजवळ, कमळजादेवीचं देऊळ, आणि वर गावातलं दैत्यसूदन. ठरलं असं की पाचवी-सहावीच्या ज्या पोरांना नेता आलं नाही त्यांच्यासाठी आपण डब्यातली सहल करायची.

गावातला एक इंजिनिअरिंगचा मुलगा ए-फ्रेम नावाचं व्हीआर दृश्यं बनवायचं साधन घेऊन आला. मोझिलाच्या लोकांनी २०१५ मध्ये केलेलं, फुकट. वेबपान लिहितात तसंच लिहायचं, आकाशाच्या जागी तुमचा गोल फोटो लावायचा, आणि वर बाण ठेवायचे. बाणाकडे दोन सेकंद रोखून बघितलं की पुढच्या फोटोत. ठेचा दोन लागल्या, दुसऱ्यांना उपयोग होईल म्हणून लिहितो. फोटो फार मोठे ठेवले की जुने फोन काळी स्क्रीन दाखवतात, ४०९६ बाय २०४८ ला आणले तेव्हा सगळीकडे चालले. आणि लॅपटॉपवरून थेट वायफायने उघडलं तर मान वळवून काही होईना, कारण साध्या पत्त्याला ब्राउझर सेन्सर वापरू देत नाही, सुरक्षित पत्ता लागतो. शेवटी फुकटच्या एका सर्व्हरवर चढवलं.

पण कोड लिहिण्याआधी मी फोटो त्यांच्या हातात दिलेच नाहीत. आधी कागदावर पाच गोल काढा आणि कुठून कुठे जाता येतं ते बाण काढा. सहा गट, सहा नकाशे. भांडणं सुरू. काठावरून थेट देवळात जाता येतं का? "नाई, आधी पायवाट लागते." "पण दिसते तं." दिसणं आणि जाता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, यावर एक अख्खा तास गेला. मी मध्ये पडलो नाही.

एका गटाचा नकाशा पास झाला, तो चढवला. सहावीचा एक पोरगा डबा लावून बसला. काठ, पायवाट, पाणी, देऊळ. मग तो बसूनच राहिला. दोन मिनिटं झाली, तीन झाली. "अबे ये ना बाहेर." तो म्हणतो, "रस्ताच नाई." कमळजादेवीच्या देवळात जाणारा बाण होता, बाहेर पडणारा कोणीच काढला नव्हता! पूर्ण वर्ग हसून लोटपोट, आणि नकाशा काढणारा गट लालबुंद. मग त्यांनी नियम केला: प्रत्येक गोलावर बोट ठेवायचं आणि तिथून निघून पुन्हा तिथेच येता येतं का ते बघायचं. सहाही नकाशे तपासले. आणखी दोन ठिकाणी माणसं अडकलेली सापडली.

---

शेवंता_एडिसनकर | रविवार, रात्री ८:५५

मास्तर! हा आलेख झाला, तक्त्यातला नव्हे, संगणकशास्त्रातला ग्राफ. तुमचे गोल म्हणजे बिंदू, बाण म्हणजे दिशा असलेल्या कडा, आणि "कुठूनही निघून परत येता येतं का" हा त्यातला सगळ्यात मूळचा प्रश्न. सातवीची मुलं.

पॅपर्ट यांचं कासव आठवलं, सूचना देऊ तसं रेघ ओढत चालणारं. लोगोत मुलाला कासवाकडून चौकोन काढून घ्यायचा असतो, जमत नाही, तेव्हा ते म्हणायचे, तू कासव हो आणि चालून बघ. चार पावलं, उजवीकडे वळ. शरीराने जे कळतं ते मग सूचनांत उतरतं. तुमचा सहावीचा पोरगा देवळात अडकला म्हणजे तोच कासव झाला. कागदावर ती चूक सहा गटांनी पाहिली आणि कोणालाच दिसली नाही. आत बसलेल्याला लगेच कळली.

---

संशयपिशाच्च | रविवार, रात्री ९:४०

ठीक. एवढं मान्य करतो: चूक अंगावर येण्यासाठी डबा कामाचा. माझा विरोध दाखवायच्या डब्याला होता, हा करायचा डबा आहे. राष्ट्रीय धोरणात २०२० पासून मधल्या टप्प्यावर, म्हणजे सहावी ते आठवीला, कोडिंगच्या कृती लिहिलेल्या आहेत. तुमचा हा पाच गोलांचा प्रकार त्यात चपखल बसतो आणि परिपत्रकाची वाट बघावी लागत नाही.

पण मास्तर, एक व्यावहारिक प्रश्न. या सगळ्याला तास किती गेले? सत्राचा अभ्यासक्रम, यू-डायस या सरकारी नोंदीत शाळेची माहिती भरणं, वर निवडणुकीची कामं. पुढच्या वर्षी परत कराल?

---

मास्तर_तालुक्याचे | सोमवार, रात्री ९:३०

अकरा तास गेले. त्यातले चार गणिताचे, तीन भूगोलाचे (भूगोलाच्या मॅडम देव माणूस), बाकी ऑफ तास आणि एक शनिवार. डब्यात प्रत्यक्ष बघणं, सगळं धरून, एका मुलाला सहा मिनिटं. अपूर्णांकांचा धडा पंधरवडाभर मागे राहिला, तो मार्चमध्ये पळवला आणि पळवल्यासारखाच झाला. ते लपवत नाही. पुढच्या वर्षी करीन, पण दिवाळीआधी करीन.

डॉक्टर, आज सकाळी त्या मुलाचा एक डोळा झाकून वाचून घेतलं. उजवा झाकला आणि त्याला फळ्यावरचं पहिलं अक्षरही लागेना. तो स्वतःच घाबरला. वडिलांना बोलावलं होतं, ते म्हणाले, "पन तो तं क्रिकेट खेळते ना सर." गुरुवारी ग्रामीण रुग्णालयात नेतोय, मी सोबत जाणार आहे. काय विचारायचं असतं ते व्यनि (खासगी निरोप) करा.

---

डोळे_तपासणीस | सोमवार, रात्री ९:४४

व्यनि केलाय. कागद सोबत ठेवा, आणि वडिलांना दोष देऊ नका. हे आईबापांना कळतच नाही.

---

बीएड_पास_नोकरी_नापास | सोमवार, रात्री १०:०५

मास्तर, ते सहा नकाशे इथे टाकता येतील का? आमच्याकडे डबे नाहीत, पण गोल आणि बाण तर काढू शकतो. आमच्या पाड्यापासून बाजारापर्यंतच्या वाटा घेईन म्हणते.

---

मास्तर_तालुक्याचे | मंगळवार, सकाळी ६:५०

टाकतो संध्याकाळी, शाळेतून फोटो काढून आणतो. पाड्याची कल्पना झकास. ओढ्याला पूर आल्यावर कुठला बाण पुसायचा ते मुलांना विचारा, बघा काय होतं.

सहाव्या गटाचा नकाशा बघून गोंधळू नका. त्यात पाच गोलांऐवजी सहा आहेत. सहावा गोल आमच्या शाळेची पाण्याची टाकी, आणि दैत्यसूदनच्या देवळातून थेट तिथे बाण काढलाय. मी विचारलं हा कुठून आला, तर म्हणे, "सर, येसटी चुकली तं मंग?"

---